महाबळेश्वर की पाचगणी: डोंबिवलीच्या एका जोडप्याचं एकतीस हजारांतलं स्थलांतर

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या जवळच्या नात्यातलं आहे. नावं बदललीत, म्हणजे आपण त्यांना अंजूमावशी आणि दिलीपकाका म्हणू. मी साताऱ्यात राहते, त्यामुळे घरं बघणं, हिशेब मांडणं, एजंटांना फोन करणं ही कामं माझ्याकडेच आली आणि जे काही चुकलं त्यात माझाही वाटा आहे.

काका एका खासगी कंपनीत स्टोअरला होते, जून २०२३ मध्ये साठ पूर्ण झाली आणि रिटायर झाले. मावशी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवायची, कोविडनंतर त्यातल्या निम्म्या शिकवण्या ऑनलाइन झाल्या होत्या. डोंबिवलीत स्वतःचा वन बीएचके, कर्ज फिटलेलं, एकच मुलगी, ती लग्न होऊन पुण्यात. काकांना पंधरा-सोळा वर्षांपासून दमा. डोंबिवलीतली धूळ, एमआयडीसीकडून येणारा वास, एप्रिल-मे मधला दमट उकाडा, या सगळ्यात शेवटची तीन-चार वर्षं त्यांना फार जड गेली. त्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की हवापालट करून बघायला हरकत नाही पण दमा जाईल वगैरे डोक्यात ठेवू नका, औषधं तशीच चालू राहणार.

डोंगरातलं गाव म्हटल्यावर दोघांच्याही तोंडात आधी महाबळेश्वरच आलं. लग्नानंतर १९८९ साली तिथेच गेले होते फिरायला, आणि काकांच्या मनात ते गाव तेव्हापासून जसंच्या तसं बसलेलं. मावशीला पाचगणी आवडायची, कारण शाळांचं गाव, शांत, आणि पुण्याला जरा जवळ. दोन्ही गावं साधारण तेराशे मीटर उंचीवर, मध्ये जेमतेम वीस किलोमीटर अंतर. काका म्हणायचे, वीस किलोमीटरनी काय फरक पडतोय. पुढे सगळा प्रश्न या वीस किलोमीटरचाच झाला.

अडचण नेमकी काय होती

पैसे मोजके होते. डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने दिला तर साडेचौदा हजार येणार होते, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स बावीसशे गेला की हातात १२,३००. पंधरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, तेव्हा व्याजदर ८.२ टक्के होता, म्हणजे दर तिमाहीला ३०,७५०, महिन्याला धरले तर १०,२५०. काकांची पीएफची पेन्शन २,३००. मावशीच्या ऑनलाइन शिकवण्यांचे सरासरी साडेसहा हजार. सगळं मिळून ३१,३५०. यातले काकांच्या औषधांना तीन-सव्वातीन हजार ठरलेलेच. बाजूला चार लाखांची एफडी होती पण ती आजारपणासाठी, तिला हात लावायचा नाही हे मावशीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

आणि गाव ठरवायचं होतं ते राहायला, फिरायला नाही. हा फरक बोलायला सोपा आहे, पण घर बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो तो डिसेंबर २०२२, म्हणजे वर्षातला सगळ्यात देखणा महिना. स्ट्रॉबेरी सुरू झालेली, आकाश निळंशार, पहाटे वेण्णा तलावाच्या बाजूला गवतावरचं दव गोठलेलं. अशा वेळी कुठलंही घर चांगलंच दिसतं. बाजाराच्या मागच्या आळीत एक जुनं बैठं घर दाखवलं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडं फक्त साडेसात हजार. काकांनी तिथल्या तिथे टोकन द्यायला खिशात हात घातला होता. मावशी म्हणाली, "अहो, थांबा जरा. भिंतीचा खालचा भाग बघा की." भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत नवा रंग होता आणि वरचा रंग जुना. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

भाड्याने महाबळेश्वर आणि भाड्याने पाचगणी हे दोन तर होतेच. तिसरा पर्याय काकांचा एक मित्र रेटत होता, की डोंबिवलीचा फ्लॅट विकून इकडेच कायमचं घर घ्या. आणि चौथा मी सुचवलेला, वाई.

विकत घेण्याचा पर्याय आम्ही लवकर सोडला पण त्याआधी एका ठिकाणी फसता फसता राहिलो. एका एजंटने पाचगणीच्या खाली पाच गुंठ्यांचा तुकडा दाखवला, "नंतर एनए, म्हणजे बिगरशेती, होऊन जाईल, आत्ता एक्कावन्न हजार टोकन द्या" म्हणाला. सातबारा मागवला तर सरळ शेतजमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, काकांच्या नावावर कुठेच शेती नाही, त्यात महाबळेश्वर-पाचगणी हा भाग जानेवारी २००१ पासून केंद्राने इको सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केलेला, बांधकामावर कडक बंधनं. नंतर होऊन जाईल या शब्दावर निवृत्तीचे पैसे लावायचे नाहीत असं ठरलं. शिवाय फ्लॅट विकला की परत जायचा रस्ता बंद, आणि दम्याच्या माणसाला हवा मानवेल की नाही हेच अजून माहीत नव्हतं.

वाई स्वस्त होती, दवाखाने चांगले, बाजार चांगला, घाट चढायची गरज नाही. पण वाई खाली आहे, उन्हाळ्यात तापते, आणि काकांनी ऐकूनच घेतलं नाही. "डोंगराच्या पायथ्याशी जाऊन डोंगर बघत बसू का?" त्या वेळी मला त्यांचं बरोबर वाटलं.

राहिली दोन गावं. इथे थोडा भूगोल सांगायला हवा, कारण साताऱ्याबाहेरच्या लोकांना याचा अंदाज नसतो. पावसाचे ढग कोकणातून वर येतात आणि सह्याद्रीच्या कड्यावर पहिलं मोठं गाव लागतं ते महाबळेश्वर, तिथे ते मोकळे होतात. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस तिथे सहज पडतो. तिथून पूर्वेला सरकलं की पाऊस झपाट्याने कमी होत जातो, पाचगणीला साधारण तिसरा हिस्सा, आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. बत्तीस-तेहतीस किलोमीटरच्या रस्त्यात एवढा फरक. पाचगणी ब्रिटिशांनी निवडली त्यामागेही हेच होतं, महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्यासारखं नसायचं म्हणून जॉन चेसनने बारमाही राहता येईल असं ठिकाण म्हणून पाचगणी वसवली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम काढलं तेही पाचगणीतच. छातीच्या पेशंटसाठी जुन्या लोकांनी कुठलं गाव निवडलं होतं ते डोळ्यासमोर होतं. पण काकांना हे सांगून पटत नव्हतं, आणि मला वाटतं ते योग्यच होतं, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या पेशंटवरून आजच्या माणसाने घर का ठरवावं.

म्हणून मी म्हटलं, जुलैमध्ये दोन्हीकडे आठ-आठ दिवस राहा. हॉटेल नाही, भाड्याच्या साध्या खोलीत, स्वतः स्वयंपाक करून. पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात.

जुलैतले सोळा दिवस

१४ जुलै २०२३ ला ते महाबळेश्वरला गेले. त्याच आळीतली खोली, ज्या घराचं टोकन द्यायचं राहिलं होतं त्याच्या दोन घरं सोडून. तिथे पाऊस मोजायला लोक आकडे वापरत नाहीत, किती दिवस ऊन दिसलं नाही ते सांगतात. घराच्या पश्चिमेकडच्या भिंतींना बाहेरून झडी, म्हणजे पावसाचा मारा अडवणारे आडोसे, लावलेल्या, पूर्वी गवताच्या असायच्या, आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा कागद आणि बांबू. त्यामुळे आत दिवसा दिवा लावावा लागतो. घरमालकीण बाई फार प्रेमळ, पहिल्याच दिवशी मावशीला म्हणाल्या, "ताई, हितं चार म्हैनं ऊन इसरायचं. कापडं चुलीवरच वाळवायची."

चौथ्या दिवशी काकांच्या चामड्याच्या पाकिटावर पांढरी बुरशी आली. गादी हाताला गार आणि ओलसर लागायची. धुकं दारातून आत यायचं आणि आतच राहायचं. लाईट दोनदा गेली, एकदा सलग अकरा तास. मावशीने एक वही केली होती, त्यात काकांनी इनहेलर किती वेळा घेतला ते रोज लिहायची. आठ दिवसांत ३१ वेळा.

त्यातच १९ जुलैच्या रात्री खालापूरजवळ इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २० तारखेला सकाळी मोबाइलवर बातमी आली आणि मावशीने मला फोन केला, ती रडत होती. महाबळेश्वरपासून ते गाव लांब आहे, पण बाहेर तोच पाऊस, तोच सह्याद्री. तिथल्या लोकांनी तिला सांगितलं की जुलै २०२१ ला इथे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला होता, आणि कोकणात उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी कितीतरी दिवस बंद होता. मावशी म्हणाली, "भाड्याचं काय ते बघू, पण मागे डोंगर उतरलेला असेल अशा घरात मी झोपणार नाही." ही अट आम्ही यादीत सगळ्यात वर लिहिली. खरं तर ती आधीपासूनच असायला हवी होती.

२२ तारखेला ते पाचगणीत आले. पाऊस तिथेही होता, धुकंही होतं, ओलही होती, कोणी पाचगणी कोरडी म्हणत असेल तर जुलैत येऊन बघावं. पण पाऊस मधे मधे थांबायचा. आठ दिवसांत पाच दिवस तासभर का होईना ऊन पडलं, कपडे वाऱ्यावर अर्धे वाळायचे, आणि संध्याकाळी काकांना छत्री घेऊन चालायला जाता आलं. वहीत इनहेलर १४ वेळा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. आठ दिवस म्हणजे काही पुरावा नाही. महाबळेश्वरची ती खोलीच जास्त ओलसर होती, एखादं चांगलं बांधलेलं घर असतं तर आकडा वेगळा आला असता. पण चांगल्या बांधलेल्या घराचं भाडं साडेसात हजार नव्हतं. आपल्याला परवडणाऱ्या घरात पावसाळा कसा जाईल एवढंच तपासायचं होतं आणि ते तपासून झालं.

हिशेब

काकांचं मन तरी वळत नव्हतं. त्यांचा मुद्दा पैशाचा होता आणि वरवर तो बिनतोड होता. महाबळेश्वरचं घर ७,५००, पाचगणीत आम्हाला पसंत पडलेला फ्लॅट ११,०००. महिन्याला साडेतीन हजारांचा फरक, वर्षाला बेचाळीस हजार.

एका रविवारी मी त्यांच्यासमोर बसून सगळं लिहून काढलं. महाबळेश्वरच्या मालकाची अट होती की १५ एप्रिल ते १५ जून घर रिकामं हवं, तेव्हा तो पर्यटकांना देतो. म्हणजे भाडं दहा महिन्यांचं, ७५,०००. ते दोन महिने दुसरीकडे कुठेतरी राहायचे तर वीस हजार धरले. सामान हलवायला जाऊन-येऊन आठ हजार. दरवर्षी झडी, प्लास्टिक, कौलांची डागडुजी यात भाडेकरूचा वाटा आठ हजार. पावसाळ्याचे चार महिने हीटरचं जास्तीचं बिल सहा हजार. महिन्याचा बाजार आणि डॉक्टर यासाठी वाईला उतरायचं तर पाचगणीपेक्षा जास्तीचा खर्च वर्षाला सात हजार. एकूण १,२४,०००. पाचगणीचं भाडं वर्षाला १,३२,०००. फरक उरला आठ हजारांचा, महिन्याला सातशेसुद्धा नाही.

काका बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "दोन महिने बाडबिस्तरा उचलून कुठे फिरायचं या वयात." माझ्या मते निर्णय त्या वाक्यावर झाला, आठ हजारांवर नाही आणि इनहेलरवरही नाही.

दवाखान्याचा विचारही झाला. पाचगणीहून वाई बारा-तेरा किलोमीटरचा पसरणी घाट, अर्धा-पाऊण तास. महाबळेश्वरहून त्यात अजून वीस किलोमीटर, आणि सीझनमध्ये वेण्णा तलावापाशी गाड्या अडकल्या की वेळेचं काहीच सांगता येत नाही. रात्री दोनला दम लागला तर या अर्ध्या तासाला किंमत आहे.

निर्णय आणि पहिली चूक

ऑक्टोबर २०२३ ला ते पाचगणीत राहायला आले. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून सिल्व्हर ओकची झाडं, स्वच्छ, कोरडा. मालक मुंबईचे. करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्प पेपरवर, रजिस्टर केलेला नाही. मी विचारलं होतं, मालक म्हणाले इथे कोणी रजिस्टर करत नाही, खर्च कशाला वाढवता. आणि आम्ही गप्प बसलो, घर हातातून जाईल म्हणून.

डिसेंबरपर्यंत सगळं छान. काकांचा रात्रीचा खोकला कमी झाला, मावशीला भिलार सापडलं. मे २०१७ मध्ये सरकारने ते पुस्तकांचं गाव केलं तेव्हापासून घराघरात पुस्तकं मांडलेली आहेत, कुठेही बसून वाचा, पैसे लागत नाहीत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे ती आठवड्यातून एकदा जायचीच.

मार्चमध्ये मालकांचा फोन आला. १५ एप्रिल ते १० जून फ्लॅट रिकामा करून द्या, आमच्याकडे सीझनचं बुकिंग आहे, तोवर मुलीकडे राहून या, भाडं घेणार नाही. म्हणजे ज्या कारणासाठी महाबळेश्वरचं घर सोडलं तेच कारण पाचगणीत समोर येऊन उभं राहिलं. महाबळेश्वरच्या मालकाने निदान आधी सांगितलं होतं. यांच्याबाबतीत आम्ही विचारलंच नव्हतं, अकरा महिने लिहिलंय म्हणजे अकरा महिने असं धरून चाललो.

इथे काय करायचं यावर घरात दोन मतं पडली. माझं म्हणणं होतं की अडून बसा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवलेला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. काका म्हणाले, कायदा आपल्या बाजूने असेल पण मला भांडण करत राहायचं नाही, छातीत धडधडतं. ते बरोबर होते. ज्या घरात मालकाच्या फोनची भीती वाटते तिथे हवा कितीही चांगली असून काय उपयोग.

अजून एक गोष्ट या काळात कळली जी आम्ही घर बघताना तपासली नव्हती. त्या बिल्डिंगमध्ये बारा फ्लॅट, त्यातले नऊ बंद. सगळे पुण्या-मुंबईच्या लोकांचे सुट्टीचे. जानेवारीत एका रात्री मावशीला साप दिसला म्हणून ती ओरडली तर खाली वॉचमनशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. काका डोंबिवलीत रोज संध्याकाळी बागेत दहा-बारा जणांच्या कट्ट्यावर बसायचे, इथे त्यांना बोलायला माणूस नव्हता. फेब्रुवारीत ते मला म्हणाले होते, "दम कमी लागतो गं, पण दिवस फार मोठा वाटतो." ते मी हसून सोडून दिलं होतं, नवीन जागा आहे, होईल सवय, असं म्हणून. त्या वाक्याकडे तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

दुसरं घर

एप्रिल-मे ते पुण्यात मुलीकडे राहिले, दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं, दोघांनाही ते अवघडच गेलं. आणि नेमका त्याच वेळी डोंबिवलीचा भाडेकरू सोडून गेला, दोन महिने फ्लॅट रिकामा, एकोणतीस हजारांचं नुकसान. एफडीला हात न लावता कसंबसं निभावलं कारण पाचगणीचं भाडंही त्या काळात नव्हतं.

मी त्या दोन महिन्यांत पाचगणीला चार वेळा गेले आणि या वेळी एजंट बाजूला ठेवून गोडवलीत, दांडेघरमध्ये, खिंगरला लोकांना विचारत फिरले. पाचगणी ज्या पाच गावांवरून झाली त्यातलीच ही गावं, चालत किंवा जीपने गाठता येणारी, आणि इथे घरमालक स्वतः राहतात. भिलारही बघितलं, मावशीची फार इच्छा होती, पण ते महाबळेश्वरच्या दिशेला, पाऊस जास्त, आणि रात्री दवाखान्याला लांब, म्हणून सोडलं.

गोडवलीत एका शेतकरी कुटुंबाचं घर मिळालं. खाली ते राहतात, वर दोन खोल्या आणि मोरी-संडास, समोर स्ट्रॉबेरीचं शेत, जमीन सपाट, मागे उतार नाही. भाडं साडेआठ हजार. या वेळी मी यादी घेऊनच बसले. सीझनला घर रिकामं मागणार का? घरमालक दादा म्हणाले, "म्हातारी माणसं हायती, त्यांना कुठं काढायचं? पर्यटक येत्यात न जात्यात." तरीही लिहून घेतलं. तीन वर्षांचा करार, रजिस्टर केलेला, नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. पाण्याचं विचारलं, तर वहिनींनी स्वतःहून सांगितलं की एप्रिल-मेमध्ये दिवसाआड येतं, पाचशे लिटरची टाकी बसवून घ्या. पश्चिमेची भिंत बघितली, त्यावर पत्रा मारलेला होता.

जून २०२४ पासून ते तिथे आहेत.

पुढे काय झालं

पहिला पावसाळा ठीक गेला. मावशीने कपाटात कपड्यांमध्ये कापूर आणि गाद्यांखाली लाकडी फळ्या घातल्या, भिंतीपासून पलंग वीतभर पुढे ओढला, ऊन पडलं की सगळं बाहेर. इनहेलरची वही चालू आहे. जुलै २०२४ ला महिन्याभरात ५२ वेळा, म्हणजे आठ दिवसांना तेरा-चौदा. डोंबिवलीतली नोंद कधी ठेवली नव्हती त्यामुळे तिथल्याशी तुलना करता येत नाही, याची हळहळ वाटते.

दमा गेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये थंड वारा सुटला होता तेव्हा रात्री पावणेदोनला काकांना जोरात अटॅक आला. नेब्युलायझर घरात होता, तो लावून मावशीने जिन्यावरून हाक मारली, दादांनी पिकअप काढली आणि पस्तीस मिनिटांत वाईच्या दवाखान्यात पोचवलं. दोन दिवस ॲडमिट. आधीच्या फ्लॅटमध्ये हे झालं असतं तर काय, हा विचार मी अजूनही नको म्हणते.

पैशाचं म्हणाल तर आता दर महिन्याला दोन ते अडीच हजार मागे पडतात, ते दवाखान्याच्या डब्यात. शिकवण्या वाढल्या, गावातली सहा मुलं प्रत्यक्ष येतात, वहिनींच्या दोन्ही मुली त्यात आहेत आणि त्यांची फी मावशी घेत नाही, दादाही मग भाजीचे पैसे घेत नाहीत. काका पहाटे टेबललॅण्डच्या पठारावर जातात, घोडेवाले आणि पर्यटक यायच्या आत. तिथे एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली, मग त्यांच्या ओळखीचे अजून दोघं. आता चौघं आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

जुलैत राहून बघितलं ते फार चांगलं केलं, पण मे सुटला. हवेसाठी जुलै बघावा लागतो तसा भाड्यासाठी, पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी मे बघावा लागतो. मे महिन्यात एक आठवडा राहिलो असतो तर सीझनला घरं रिकामी करून घेतात हे दुसऱ्याच दिवशी कळलं असतं, कारण तिथे ते सगळ्यांनाच माहीत आहे, कोणी लपवत नाही, फक्त विचारायला लागतं.

करार रजिस्टर करायला हजार-दोन हजारांसाठी आम्ही मागे सरलो आणि त्यापायी दोन महिने बेघरासारखे काढले. याचा दोष मी मालकांपेक्षा स्वतःला जास्त देते.

शेजारी कोण आहे हे भाड्याइतकंच महत्त्वाचं होतं आणि आमच्या पहिल्या यादीत ते नव्हतंच. पाऊस होता, दवाखाना होता, बाजार होता, इंटरनेटचा स्पीडसुद्धा होता. रात्री आठ वाजता जाऊन बिल्डिंगमध्ये किती दिवे लागलेत ते मोजायला पाच मिनिटं लागली असती.

डोंबिवलीच्या भाड्यावर निम्म्याच्या जवळपास घर चालतं, तर ते दोन-तीन महिने बंद पडेल असं धरून तेवढे पैसे आधीच वेगळे ठेवायला हवे होते. आता पन्नास हजार बाजूला आहेत.

आणि वाई. मी तो पर्याय फार पटकन सोडला असं आता वाटतं. गोडवलीचा करार मे २०२७ ला संपतो, तेव्हा काका चौसष्टच्या जवळ असतील, आणि जानेवारीतल्या त्या रात्रीनंतर घाटाचा विषय घरात दोनदा निघालाय. या मे महिन्यात दोघं वाईत आठ दिवस राहून बघणार आहेत. खोली मी बघून ठेवली आहे, तळमजल्यावरची, खाली-वर दोन्हीकडे माणसं राहतात, आणि मावशीने नवीन वही घेतली आहे.